एकाच पत्त्याचे दोन राउटर

कोल्हापुरात घरे आणि छोट्या कार्यालयांमध्ये इंटरनेटची वायरिंग करण्याचे व राउटर बसवण्याचे काम मी बारा वर्षांपासून करतो. ऑक्टोबरमधील एका शनिवारी राजारामपुरीतील एका निवृत्त शिक्षकांचा फोन आला. त्यांना मी सर म्हणतो. त्यांच्या अकरावीतल्या मुलाने माइनक्राफ्ट या ठोकळ्यांनी बांधकाम करण्याच्या खेळाच्या जावा आवृत्तीचा सर्व्हर (मित्र ज्याला जोडून एकत्र खेळतात तो प्रोग्राम) स्वतःच्या संगणकावर सुरू केला होता, परंतु महिनाभर प्रयत्न करूनही बाहेरगावच्या मित्रांना त्यात येता येत नव्हते. दहावीपर्यंत एका वर्गात असलेल्या पाच मुलांपैकी दोघे शिकण्यासाठी लातूरला आणि एक पुण्याला गेला होता. दर दिवाळीला गल्लीत मातीचा किल्ला करणारी ही मुले यंदा संगणकावर पन्हाळा बांधत होती. गडाचा 'तीन दरवाजा' उभा राहिला होता, अंधारबाव या विहिरीचे जिने बाकी होते. हे ऐकल्यावर मी त्या दिवशीची दुसरी कामे पुढे ढकलली.

घर तीन मजली, भिंती जाड. तळमजल्यावर कंपनीचा फायबर मोडेम होता, पहिल्या मजल्यावर सीसीटीव्हीचे चित्रीकरण साठवणाऱ्या डीव्हीआरला जोडलेला एक राउटर आणि गच्चीलगतच्या खोलीत मुलाचा स्वतःचा राउटर. वरच्या दोन्ही राउटरमध्ये केबल वॅन पोर्टला, म्हणजे बाहेरचे इंटरनेट घेणाऱ्या खाचेला लावलेली होती. याचा अर्थ असा की मोडेम धरून तिन्ही उपकरणे आपापले वेगळे जाळे तयार करून पत्त्यांची (जाळ्यात उपकरणांना मिळणाऱ्या क्रमांकांची) अदलाबदल करत होती. आतून बाहेर जाणाऱ्या मागणीला याचा त्रास होत नाही, कारण प्रत्येक राउटर आपण कोणाची मागणी पुढे पाठवली याची नोंद ठेवतो आणि उत्तर आले की ते त्या नोंदीप्रमाणे आत सोडतो. बाहेरून आपणहून आलेल्या जोडणीसाठी मात्र अशी नोंद कुठेच नसते. त्यामुळे २५५६५ या पोर्टवर, म्हणजे सर्व्हरच्या दार-क्रमांकावर, आलेली जोडणी मोडेमने मधल्या राउटरकडे, मधल्याने वरच्याकडे आणि वरच्याने संगणकाकडे द्यावी, असे तीन नियम तीन ठिकाणी लिहावे लागतात, आणि त्यातला एक जरी चुकला तरी बाहेरच्या मित्राला सर्व्हर बंद असल्यासारखाच दिसतो.

"दादा, मी खालच्या मोडेममध्येसुद्धा नियम टाकलाय," असे मुलगा ठामपणे सांगत होता, आणि तो खोटे बोलत नव्हता. मी त्याच्या संगणकावरून बाहेरच्या एका पत्त्याचा ट्रेसराउट, म्हणजे वाटेतल्या राउटरांची यादी, घेतला. पहिल्या ओळीत १९२.१६८.१.१, दुसरीत १९२.१६८.०.१ आणि तिसरीत नुसत्या चांदण्या आल्या. त्या चांदण्यांवरून मला शंका आली म्हणून खाली जाऊन मोडेमवरचे स्टिकर वाचले, तर त्याचाही पत्ता १९२.१६८.१.१ असाच होता. मुलाने ब्राउझरमध्ये तो पत्ता टाकला की दर वेळी त्याच्याच खोलीतला राउटर उघडत होता आणि तो मोडेम समजून तिथेच नियम पुन्हा पुन्हा लिहिले जात होते. मोडेमकडून येणाऱ्या उत्तरावर पाठवणाऱ्याचा पत्ता म्हणून वरच्या राउटरचाच पत्ता असल्यामुळे तो राउटर ते उत्तर टाकून देत होता. म्हणूनच तिसरी ओळ रिकामी होती. महिनाभर मुलाने केलेली मेहनत अशी एकाच उपकरणावर खर्च झाली होती, याचे मला फार वाईट वाटले. दोन वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणे कारखान्यातून तोच पत्ता घेऊन येतात, हे बसवणाऱ्यानेच तपासायला हवे होते.

तीन ठिकाणी तीन नियम ठेवणे शक्य होते, पण असे साखळीचे काम मी शक्यतो करत नाही, कारण वीज जाऊन आली आणि मधल्या एखाद्या राउटरला वेगळा पत्ता मिळाला की साखळी तुटते आणि घरच्यांना कारण कळत नाही. म्हणून वरचे दोन्ही राउटर मी केवळ वायफाय देणारी साधने केली: त्यांचे डीएचसीपी (पत्ते आपोआप वाटण्याचे काम) बंद केले, पत्ते १९२.१६८.१.२ आणि १९२.१६८.१.३ असे दिले आणि केबल वॅनमधून काढून लॅन पोर्टला, म्हणजे घरातल्या जाळ्याच्या खाचेला लावल्या. डीव्हीआरला जुन्या जाळ्यातला ठरलेला पत्ता दिलेला होता, तोही बदलावा लागला. संगणकासाठी मोडेममध्ये १९२.१६८.१.५० हा पत्ता राखून ठेवला आणि त्याच्याकडे २५५६५ पोर्टवरच्या टीसीपी प्रकारच्या जोडण्यांचा एकच नियम लिहिला.

मग मोडेमच्या माहितीच्या पानावर बाहेरच्या बाजूचा पत्ता पाहिला. तो १०० ने सुरू होत होता आणि दुसरा आकडा ७२ होता. १००.६४.०.० ते १००.१२७.२५५.२५५ हा पट्टा एप्रिल २०१२ मध्ये सेवा पुरवणाऱ्या कंपन्यांच्या अंतर्गत वापरासाठी राखून ठेवण्यात आला आहे. आयपी या इंटरनेटच्या पत्तेपद्धतीच्या चौथ्या आवृत्तीत एकूण पत्तेच सुमारे ४२९ कोटी, आणि जागतिक साठ्यातले शेवटचे मोठे गट फेब्रुवारी २०११ मध्ये वाटून झाले. त्यामुळे कंपन्या एकच सार्वजनिक पत्ता अनेक ग्राहकांना मिळून वापरायला देतात. म्हणजे सरांच्या घराबाहेर कंपनीच्या इमारतीत आणखी एक राउटर होता, आणि त्याच्यात नियम लिहिण्याचा अधिकार ना मला होता ना सरांना. ही तपासणी मी सकाळी घरात शिरताच करायला हवी होती. कंपनीच्या कार्यालयात फोन केल्यावर दरमहा वेगळे शुल्क भरून सार्वजनिक पत्ता मिळतो असे कळले. सरांनी लगेच होकार दिला. "दिवाळीच्या किल्ल्यासाठी मातीही विकतच आणत होतो," ते म्हणाले.

पत्ता संध्याकाळी साडेपाचला मिळाला. मुलाने उत्साहाने घरच्या वायफायवरूनच नवा पत्ता तपासला आणि जोडणी झाली नाही म्हणून त्याचा चेहरा उतरला. ती चाचणी ग्राह्य नव्हती, कारण स्वतःच्याच बाहेरच्या पत्त्याकडे आतून निघालेली जोडणी पुन्हा आत वळवणे बऱ्याच घरगुती मोडेमना जमत नाही. मी माझ्या मोबाईलचे वायफाय बंद करून मोबाईल डेटावरून तपासले. तरीही उत्तर नव्हते.

आता अंदाज बांधण्यात अर्थ नव्हता. संगणकावर वायरशार्क हे जाळ्यातली ये-जा दाखवणारे साधन सुरू करून २५५६५ एवढेच पोर्ट गाळून पाहिले, तर माझ्या मोबाईलची जोडणीची विनंती संगणकापर्यंत व्यवस्थित येत होती, एकदा, दोनदा, तीनदा, आणि संगणक तिला उत्तरच देत नव्हता. म्हणजे मोडेमपर्यंतचा सगळा रस्ता मोकळा होता आणि अडथळा विंडोजच्या फायरवॉलचा, म्हणजे नको त्या जोडण्या अडवणाऱ्या सोयीचा होता. सकाळी राउटरची रचना बदलल्यामुळे विंडोजने हे जाळे नवीन समजून 'सार्वजनिक' गटात टाकले होते, आणि सर्व्हर ज्यावर चालतो त्या जावाला परवानगी होती ती फक्त 'खासगी' गटात. मीच केलेल्या बदलाचा हा परिणाम होता. गट बदलला आणि पुढच्याच विनंतीला उत्तर गेले.

मित्रांना पत्ता कळवण्यापूर्वी आणखी अर्धा तास मी मुलाजवळ बसलो. हताश होऊन त्याने खोलीतल्या राउटरच्या डीएमझेडमध्ये आपला संगणक टाकून ठेवला होता. आता तो राउटर वाटेत नसल्याने ती सोय निरुपयोगी झाली होती, तरी मोडेममध्ये तसे कधीही करायचे नाही, हे मी त्याला कारणासह समजावले: तसे केल्यास ज्या पोर्टांसाठी नियम नाहीत, त्यांवरची बाहेरची प्रत्येक जोडणी त्याच्या संगणकाच्या दारात येईल. सर्व्हरची पांढरी यादी (ज्यांना आत येता येते त्यांची यादी) चालू करून पाचच नावे लिहिली आणि खात्यांची पडताळणी सुरूच असल्याची खात्री केली. सव्वासातला सर्व्हरच्या खिडकीत लातूरच्या पहिल्या मुलाचे नाव उमटले, दोन मिनिटांनी दुसऱ्याचे. फोनवर एकच गलका झाला. बावीचा पहिला जिना कोणत्या बाजूने उतरवायचा यावरून वाद सुरू झाल्यावर मी तळमजल्यावर आलो, तिन्ही उपकरणांचे नवे पत्ते एका कागदावर लिहिले आणि तो मोडेमच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवला.