सरासरीपेक्षा जास्त म्हणजे नक्की कुठल्या मुंबईत?

महिना संपला की दोनेक दिवसांत ती बातमी येतेच. मुंबईत गेल्या महिन्यात सरासरीपेक्षा अमुक टक्के पाऊस जास्त, किंवा कमी, आणि त्याच बातमीत खाली, पारा सरासरीच्या दीड अंश वर. मग ते कात्रण सोसायटीच्या ग्रुपवर फिरतं, एक जण लिहिणार बघा हवामान बदललंय, दुसरा लिहिणार आमच्या कांदिवलीत तर धड रस्ते पण ओले नाही झाले, तिसरा या सगळ्याशी संबंध नसल्यासारखा गुड मॉर्निंग टाकणार. मला हे आकडे बघत बसायचा नाद आहे, घरचे वैतागतात पण असो. तर माझं म्हणणं इतकंच आहे की तापमानाचा आकडा आणि पावसाचा आकडा एका ओळीत छापले तरी ते एकाच चष्म्यातून वाचायचे नसतात. मुंबईत महिन्याचं तापमान सरासरीपेक्षा एक अंश वर म्हणजे खूप झालं, आणि पाऊस तीस टक्के जास्त म्हणजे खरं सांगायचं तर काहीच झालं नाही.

तापमानाचं आधी घेते कारण ते सोपं आहे. सांताक्रूझची (हवामान खात्याचं मुंबईतलं मोजणीचं एक केंद्र) महिन्यांची सरासरी कमाल तापमानं काढून बघा, वर्षभर ती साधारण ३० ते ३४ मध्येच फिरत असतात. ऑगस्टमध्ये सगळ्यात खाली, आणि मे आणि ऑक्टोबर हीटमध्ये वर. बास, चार अंशांत अख्खं वर्ष बसलं! नागपूरला मे आणि डिसेंबरमध्ये केवढा फरक असतो, आपल्याकडे समुद्र आहे म्हणून पारा जास्त हलतच नाही. त्यामुळे इथे एखादा महिना सरासरीच्या दोन अंश वर गेला तर तो जवळपास दुसऱ्याच ऋतूत जाऊन बसला असं समजायचं.

आता याच्या उलट एकेका दिवसाचे आकडे बघा. सांताक्रूझचा आजवरचा उच्चांक ४२.२, तो १४ एप्रिल १९५२ चा. नीचांक ७.४, जानेवारी १९६२ चा. मार्चमध्ये तर मुंबई मधूनच डोकं फिरल्यासारखी वागते, १७ मार्च २०११ ला ४१.६ झालं होतं. हे होतं कसं तर दुपारी समुद्रावरून जो वारा सुटतो, खारा वारा, तो उशिरा सुटला की झालं. एरवी अकरा-साडेअकराला तो आत येतो आणि तापमान तिथेच अडकतं, पण जमिनीवरून येणारा पूर्वेचा वारा जोरात असला की खारा वारा एक-दोन वाजेपर्यंत खोळंबतो, आणि तेवढ्या दोन-अडीच तासांत पारा चाळिशी गाठतो. म्हणून किनाऱ्यावरच्या शहरांसाठी हीटवेव्हचा निकष पण वेगळा आहे, मैदानी भागात ४० अंश लागतात, किनाऱ्यावर ३७ पुरतात, फक्त ते सरासरीपेक्षा साडेचार अंश तरी जास्त हवेत.

गंमत म्हणजे महिन्याच्या सरासरीत हे दिसतच नाही. २०२५ च्या फेब्रुवारीच्या शेवटी सांताक्रूझला ३८.७ झालं, सरासरीच्या सहा अंशांच्या आसपास वर, थंडीचे कपडे अजून माळ्यावर पण गेले नव्हते आणि उष्माघाताच्या सूचना सुरू. पण अठ्ठावीस दिवसांच्या महिन्यात असा एक दिवस सहा अंशांनी वर गेला तर महिन्याची सरासरी वाढते किती? ०.२. म्हणजे तक्त्यात तो दिवस जवळजवळ अदृश्य! त्यामुळे तक्त्यात पूर्ण एक अंश जास्त दिसला की समजायचं हे एका दिवसाचं काम नाही, महिनाभर रोज कुणीतरी थोडं थोडं तापवत होतं. तापमानाच्या बाबतीत महिन्याची सरासरी म्हणूनच मला भरवशाची वाटते, ती उगाच उड्या मारत नाही.

पावसाचं असं नाही ना.

२०२३ चंच घ्या. मला ते वर्ष फार आवडतं (पाणी तुंबलेलं नाही आवडत, आकडे आवडतात). बिपरजॉय वादळाच्या भानगडीत मान्सून अडकला आणि मुंबईत यायला २५ जून उजाडला, आणि त्याच दिवशी तो दिल्लीत पण पोचला, दोन्हीकडे एकाच दिवशी असं त्याआधी १९६१ मध्ये झालं होतं. सांताक्रूझची जूनची सरासरी ५३७ मिमी आहे. जवळपास तीन आठवडे लोक आकाशाकडे बघत बसले आणि मग शेवटच्या आठवड्यात एवढा कोसळला की महिना सरासरीच्या जवळ जाऊन पोचला. म्हणजे ३० जूनला तक्ता काय म्हणतो, जून नॉर्मल! ज्याने तो जून काढलाय त्याला विचारा नॉर्मल होता का. मग जुलै, सरासरी ८५५ च्या आसपास आणि पडला १७०० मिमीच्या वर, सांताक्रूझच्या नोंदीतला सगळ्यात ओला जुलै. दुप्पट! आणि लगेच ऑगस्ट, सरासरी ५६० च्या घरात आणि पडला फक्त १७७. तो ऑगस्ट तर अख्ख्या देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट होता. आता हे तिन्ही महिने एकत्र करा, ऑगस्ट संपता संपताच मुंबईने चार महिन्यांची जी सरासरी आहे, २३०० च्या आसपासची, ती पार केली होती. म्हणजे सीझन सरासरीपेक्षा जास्त, सगळं छान. त्या वर्षी जून, जुलै, ऑगस्ट यातला एकही महिना साधा सरळ नव्हता, पण बेरीज एकदम सज्जन.

हवामान खात्याच्या नकाशात रंग असतात बघा, जिल्ह्या-जिल्ह्यांचे. सरासरीच्या १९ टक्के खाली ते १९ टक्के वर असेल तर हिरवा, म्हणजे नॉर्मल. सरासरीच्या वीस टक्के वर गेला की निळे, सरासरीच्या वीस टक्के खाली गेला की लाल, साठ टक्क्यांपेक्षा जास्त तूट असेल तर पिवळा (लालपेक्षा पिवळा जास्त वाईट हे कुणी ठरवलं देव जाणे). तोच हिशोब मुंबईच्या जुलैला लावा, ८५५ चे १९ टक्के वर-खाली म्हणजे साधारण ६९० पासून १०१७ पर्यंत काहीही पडलं तरी तो नॉर्मलच. सव्वातीनशे मिलिमीटरची सूट झाली ही! कितीतरी गावांत वर्षाला एवढा पाऊस पडला तर लोक खूश होतील.

आणि मुळात मुंबईचा पाऊस म्हणजे कुठला पाऊस? अधिकृत मोजणी मुख्यतः दोन ठिकाणची, कुलाबा आणि सांताक्रूझ. कुलाब्याची वेधशाळा १८२६ ची, कंपनी सरकारच्या काळातली, तिथे चुंबकीय मोजमाप पण व्हायचं पण विजेच्या ट्रामा येणार म्हटल्यावर त्यांच्या करंटमुळे आकडे बिघडतील म्हणून तो भाग १९०४ मध्ये अलिबागला हलवला. सांताक्रूझ त्या मानाने नवीन. दोन्हीमध्ये वीस-पंचवीस किलोमीटरचं अंतर. आणि २६ जुलै २००५ ला काय झालं हे मुंबईत कुणाला सांगायला नको, सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिमी, आणि कुलाब्याला? ७३! पावसाळ्यात ७३ म्हणजे कुलाब्याच्या माणसासाठी नेहमीसारखा दिवस, छत्री घेऊन ऑफिसला गेला असेल. फक्त कुलाब्याचा तक्ता ठेवून ते वर्ष वाचलं तर पन्नास वर्षांनी कुणाला कळणार पण नाही की त्या दिवशी इथे काय झालं होतं.

त्यात अजून एक घोळ, हा मात्र खूप जणांना माहीत नसतो. पावसाचा दिवस रात्री बारा वाजता बदलत नाही, सकाळी साडेआठला बदलतो. साडेआठला मोजलं की आधीच्या चोवीस तासांचा पाऊस आजच्या तारखेला लिहितात. म्हणून ते ९४४ काही ठिकाणी २६ जुलैच्या नावावर दिसतात आणि काही तक्त्यांत २७ जुलैच्या, दोन्ही बरोबरच आहेत. ३० तारखेला रात्री कोसळलेला पाऊस पण अशाने १ तारखेला, म्हणजे पुढच्या महिन्याच्या खात्यात जाऊ शकतो.

आमच्या बी विंगमध्ये एक काका आहेत, बँकेतून रिटायर, ते हा साडेआठचा नियम अगदी धर्मासारखा पाळतात. गच्चीवर त्यांनी स्वतःचं पर्जन्यमापक ठेवलंय, दोन लिटरची कोल्ड्रिंकची बाटली, वरचा भाग कापून उलटा आत बसवलाय फनेलसारखा, बाहेरून शाळेची प्लास्टिकची पट्टी सेलोटेपने चिकटवलेली. बाटलीचा तळ खालून वेडावाकडा असतो म्हणून त्यात खडे टाकून पट्टीच्या शून्यापर्यंत आधी पाणी भरून ठेवायचं, नाहीतर पहिले चार-पाच सेंटीमीटर खोटे येतात. गेल्या पावसाळ्यात एकदा मी कपडे काढायला वर गेले तर काका वाकून, चष्मा कपाळावर, पट्टी बघत होते. मी म्हटलं काका, आज सांताक्रूझला बत्तीस दाखवतायत. ते म्हणाले, "अगं दाखवू दे, आपल्याकडे एकसष्ट झालाय. त्यांचा तो त्यांचा, आपला तो आपला." आणि खिशातल्या छोट्या डायरीत एकसष्ट लिहून टाकलं. मी विचारलं २६ जुलैसारखा आला तर, तर म्हणाले बाटली वाहून जाईल, दुसरं काय. खरंय ते, ९४४ मिमी म्हणजे जवळजवळ एक मीटर उंचीचं पाणी. एका चौरस मीटरवर एक मिमी पाऊस म्हणजे एक लिटर, त्यामुळे पाचशे चौरस फुटांच्या गच्चीवर ९४४ मिमी म्हणजे चव्वेचाळीस हजार लिटरच्या आसपास, दहा हजारवाले चार टँकर भरून वर थोडं उरेल.

टँकरवरून आठवलं, लोकांना सगळ्यात जास्त वाटतं की मुंबईत पाऊस सरासरीपेक्षा जास्त म्हणजे पाण्याची चिंता मिटली. अहो सांताक्रूझच्या पावसाचा आपल्या नळाशी फारसा संबंधच नाही. सात तलावांपैकी विहार आणि तुळशी एवढेच शहरात, ते पण छोटे. बाकी भातसा, तानसा, मोडक सागर, मध्य वैतरणा, अप्पर वैतरणा हे सगळे तिकडे शहापूर, मोखाडा, इगतपुरीच्या बाजूला, आणि साधारण अर्धं पाणी एकट्या भातसाचं. त्याच २०२३ मध्ये १ जुलैपासून दहा टक्के पाणीकपात होती, म्हणजे शहरात रेकॉर्डब्रेक जुलै चाललाय, सबवे बंद, लोकल लेट, आणि घरी नळाला पाणी कमी. ती कपात ऑगस्टमध्ये उठली, जेव्हा शहरातला पाऊस थांबला होता.

बरं ज्या सरासरीशी तुलना करतो ती तरी एक जागी राहते का, तर नाही. सरासरी तीस वर्षांची काढतात आणि दर दहा वर्षांनी ती खिडकी पुढे सरकते. आधी १९८१ ते २०१० होती, आता १९९१ ते २०२० आहे. जुन्या हिशोबात सांताक्रूझचा जुलै ८४० मिमीचा होता, नव्यात ८५५ चा झाला. अख्ख्या देशाच्या मान्सूनची सरासरी उलटी खाली आली, ८८ सेंटीमीटरची ८७, तिथे पन्नास वर्षांचा हिशोब घेतात. मान्सूनच्या तारखा पण २०२० मध्ये बदलल्या, मुंबईत यायची १० जूनची ११ जून झाली आणि जायची २९ सप्टेंबरची थेट ८ ऑक्टोबर. त्यामुळे आजोबांच्या वेळचा नॉर्मल आणि आजचा नॉर्मल हे दोन वेगळे नॉर्मल आहेत, आणि ग्रुपवरचं "आमच्या वेळी" हे त्या दृष्टीने अगदीच चुकीचं नसतं.

सगळ्यात भारी २०२५ चा मे. मान्सून २६ मे ला मुंबईत हजर, नोंदीतला सगळ्यात लवकरचा, आधीचा रेकॉर्ड २९ मे चा होता. कुलाब्याला त्या मे महिन्यात २९५ मिमी पाऊस झाला, १९१८ चा २७९.४ चा विक्रम मोडला. आता मे महिन्याची सरासरी इतकी किरकोळ असते की टक्केवारी काढायला गेलं तर चार आकडी टक्के येतात आणि त्या आकड्याला काही अर्थच उरत नाही. आणि एवढं करून हिशोबात मान्सूनचा सीझन १ जून ते ३० सप्टेंबर असाच धरतात. त्यामुळे खुद्द मान्सून आल्यानंतर २६ ते ३१ मे मध्ये जो पाऊस पडला तो मान्सूनच्या बेरजेत नाहीच, तो मान्सूनपूर्वच्या खात्यात. काकांना हे सांगितलं तर त्यांनी सरळ उडवून लावलं. त्यांच्या डायरीत पावसाळा मे मध्येच सुरू झालाय, आणि वर तारीख घालून खाली दोन रेघा पण मारल्यात.