चौथं गाणं अखेर सापडलं

मागच्या नोंदीत मी लिहिलं होतं की ज्या गायिकेच्या पहिल्या अल्बमचं ध्वनिकाम मी करतोय, त्याचा मास्टर (गाण्यांची शेवटची, प्रकाशनाची प्रत) तयार आहे, आता फक्त मुखपृष्ठ बाकी. ते विधान मागे घेतो. गेले तीन आठवडे मी एकाच गाण्यापाशी अडकलो होतो. परवा रात्री साडेअकराला गाठ सुटली आणि त्यानंतर मला झोप लागली नाही. म्हणून ही लांबलचक नोंद.

अल्बम एकोणीस जणांना ऐकायला दिला होता, हे तुम्हाला माहीत आहे. गुण द्यायला सांगितले नव्हते. ‘जिथे थांबावंसं वाटलं, तिथली वेळ लिहा,’ एवढंच मागितलं होतं. या सगळ्या खटाटोपात मी घेतलेला हा सगळ्यात चांगला निर्णय. दहापैकी सात गुण मिळाले असते तर त्यातून मला काहीही कळलं नसतं. ‘चौथं गाणं, चाळिसाव्या सेकंदाला’ असं कुणी लिहिलं की हात घालायला जागा मिळते.

मतं अगदी दोन टोकांची आली. आठ जणांनी न थांबता सगळं ऐकलं. त्यातल्या एकीने लिहिलं, ‘कितीतरी दिवसांनी कुणीतरी न ओरडता गातंय.’ चार जणांनी ‘बरं आहे’ म्हटलं. हे मत वाचायला सगळ्यात जड जातं, कारण त्यात पकडायला काही नसतं. उरलेल्या सात जणांनी मध्येच सोडलं. त्यांची वाक्यं माझ्या वहीत आहेत: ‘आवाज गोड, पण जरा जागं करा तिला.’ ‘ही दहा गाणी नाहीत, एकच अडतीस मिनिटांचं गाणं आहे.’ आणि ज्याचा अर्थ मला तेव्हा लागला नव्हता ते, ‘मध्येच बाई अंगावर आल्यासारखी वाटते.’

एवढ्या मवाळ गाण्यांमध्ये कुणी अंगावर कसं येईल? हे वाक्य मी बाजूला ठेवलं होतं. तिथेच चुकलो.

गायिकेने सगळी मतं दोनदा वाचली. मी धास्तावलो होतो, पहिलाच अल्बम आहे तिचा. ती एवढंच म्हणाली, ‘अरे, ज्यांना आवडलं नाही त्यांचं आधी वाच. न आवडणारं गाणं ऐकून वर त्यावर लिहायचं, म्हणजे त्यांनी जास्त कष्ट घेतलेत.’

आता कोडं. सोडलेल्या सातपैकी पाच जण चौथ्या गाण्यावर थांबले होते. चौथं म्हणजे फक्त गिटार आणि गळा, सगळ्यात साधं गाणं. पण अल्बमच्या आधी तेच गाणं मी सुटं पाठवलं होतं, तेव्हा या पाचांतल्या तिघांना ते सगळ्यात जास्त आवडलं होतं! सुटं ऐकलं तर लाडकं, रांगेत ऐकलं तर नकोसं. या विरोधाने डोकं पोखरलं.

पहिला संशय साधनांवर गेला. कमी आवाजात ऐकलं की कानाला खर्ज कमी लागतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली त्याचे आलेख मांडले, आणि आपण सगळे ते कधी ना कधी चुकीच्या वेळी विसरतो. वाटलं, रात्री हळू आवाजात ऐकणाऱ्यांना गिटारचा भरणा पोचलाच नसेल. पण कशावर ऐकलं हेही मी विचारून ठेवलं होतं, आणि थांबणाऱ्यांत हेडफोनवाले होते तसे मोठ्या स्पीकरवालेही होते. तो धागा तिथेच तुटला.

मग लयीवर. दहापैकी सात गाणी मिनिटाला ६६ ते ७४ ठोक्यांत बसतात, हे खरं आहे आणि त्याकडे मी पुढे येतो. पण लय कारण असती तर लोक दुसऱ्या किंवा पाचव्या गाण्यावरही थांबले असते. तरी चौथं आणि सहावं यांची अदलाबदल करून अल्बम चार नव्या कानांना दिला. दोघं जण सहाव्या जागेवर थांबले, म्हणजे पुन्हा त्याच गाण्यावर! गाणं जिथे जाईल तिथे दुखणं सोबत जात होतं. सुट्या गाण्यात मात्र ते नव्हतं.

इथे मी चांगले आठ दिवस वाया घालवले. ३ किलोहर्ट्झच्या आसपास गळ्याला दीड डेसिबल कापलं. डीईसर (‘स’-‘श’ची सिसकारी दाबणारं साधन) कडक केला, तर तिचा ‘स’ बोबडा झाला, म्हणून परत सैल केला. बोटं सरकताना तारांची जी चूं-चूं येते, ती स्पेक्ट्रल एडिटरमध्ये (जिथे आवाज चित्रासारखा दिसतो) एकेक करून पुसली. पुसलेलं गाणं ऐकलं तर गिटार वाजवणाऱ्याला हातच नाहीत असं वाटायला लागलं. सगळं परत आणलं. (कोऱ्या फॉस्फर ब्राँझ तारांवर फिंगरपिकिंग, म्हणजे बोटांनी तारा छेडणं, रेकॉर्ड करू नका, निदान चार-पाच दिवस वाजवून घ्या. हे मी मागेही लिहिलंय आणि स्वतःच पाळलं नाही, कारण ज्यांच्याकडून तारा मागवल्या त्यांनी दोनदा चुकीच्या जाडीचा संच पाठवला आणि बरोबर संच ऐन टेकच्या, म्हणजे रेकॉर्डिंगच्या, सकाळी हातात पडला. त्यांच्याकडून पुन्हा मागवणार नाही.)

परवा रात्री रीपर या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये सगळा अल्बम एका प्रोजेक्टमध्ये लावलेला होता. तिसऱ्या गाण्याच्या शेवटी चेलोचा सूर विरतो, तो किती लांबवायचा ते बघत होतो. त्या नादात वाद्यांचे सगळे फोल्डर म्यूट राहिले आणि मी तिसऱ्याच्या शेवटच्या कडव्यापासून प्ले दाबलं. नुसता गळा. तिसऱ्याचं शेवटचं कडवं, मग शांतता, मग चौथ्याच्या आधीचा तो श्वास, आणि पहिली ओळ.

मी खुर्चीत मागे सरकलो. ती चार पावलं पुढे आली होती. खोली तीच, माइक तोच, माइकपासूनचं अंतर तेच, आणि तरी तिसऱ्या गाण्यात पलीकडच्या भिंतीशी उभी राहून गाणारी बाई चौथ्यात थेट माझ्या तोंडासमोर.

लगेच दोन्ही गाण्यांतला नुसता गळा मोजला. तिसऱ्यात -१९.१ एलयूएफएस (कानाला आवाज किती मोठा वाटतो त्याचं माप, शून्याच्या जितकं जवळ तितका मोठा), चौथ्यात -१५.०. चार डेसिबलचा फरक!

चूक पूर्णपणे माझी होती, आणि अशी की मी ती ‘नीटनेटकेपणा’ समजून केली होती. दहाही गाणी मी सुटी-सुटी -१४ एलयूएफएसवर आणून बसवली होती, कारण स्पॉटिफाय गाणी वाजवताना -१४ ची पातळी धरतं हे डोक्यात पक्कं बसलेलं. तिसऱ्या गाण्यात त्या -१४ मध्ये पियानो, डबल बास, ब्रशने वाजवलेले ड्रम्स, चेलो आणि गळा असे पाच वाटेकरी आहेत. चौथ्यात दोनच. वाटेकरी कमी झाले की गळ्याच्या वाट्याला जास्त येणारच. मीटरने दोन्हींना सारखं म्हटलं, आणि मीटर चुकलेलं नव्हतं. हे माप मुळात आलं प्रसारणासाठी. बीएस.१७७० ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाची शिफारस २००६ ची आणि युरोपातल्या प्रसारकांची आर१२८ ही २०१० ची. कार्यक्रम आणि जाहिरात यांच्यातली आवाजाची उडी थांबावी, हा त्यामागचा हेतू. तिसऱ्या गाण्यातली बाई चौथ्यात कुठे उभी असावी, हे त्या आकड्याला विचारण्यात अर्थ नाही.

आणि नुकसान तेवढ्यावर थांबलं नव्हतं. दोनच गोष्टी असलेलं गाणं -१४ पर्यंत ओढायचं तर अंगठ्याच्या प्रत्येक ठोक्याला लिमिटर (मर्यादेवर जाणारा आवाज दाबणारं साधन) तीन डेसिबल छाटत होता. जिथे गिटारने हलकेच टोचायला हवं तिथे ती नुसती थापटत होती. उलट दोन ओळींमधली शांतता वर आली होती, तारांची चूं-चूं, श्वास आणि खुर्चीची कुरकुर यांच्यासकट. मी एडिटरमध्ये एकेक डाग पुसत बसलो होतो, आणि ते डाग मीच लिमिटरने ठळक केले होते.

आता ‘अंगावर येते’ आणि ‘झोप येते’ ही दोन्ही मतं एकाच दुखण्याची निघाली. भरलेलं गाणं आणि रितं गाणं सारख्याच जोराने वाजलं की मोठं काही मोठं वाटत नाही आणि लहान काही लहान वाटत नाही. दहा गाण्यांचं ‘एकच गाणं’ मी केलं होतं, तिने नाही. हे मी तिला त्या रात्रीच कळवलं, कारण गेले तीन आठवडे ती स्वतःच्या चालींवर शंका घेत होती.

दुरुस्तीला एक संध्याकाळ लागली. वाद्यं बंद ठेवून दहाही गाण्यांतला गळा कानाने एका अंतरावर आणला, मग वाद्यं उघडली आणि एकूण आकडा जो येईल तो येऊ दिला. चौथं आधी पूर्ण ४.१ डेसिबलने खाली आणून बघितलं, पण ते फार दूर गेलं. एकटा गळा थोडा जवळ हवाच, ते त्या गाण्याचं मर्म आहे. ३.३ वर थांबलो. चौथं आता -१७.३ आहे, सातवं -१६.८, शेवटचं -१६.५ आणि भरलेली सगळी -१४ च्या आसपास. चौथ्यावरचा लिमिटर काढूनच टाकला, गरजच उरली नाही. अंगठ्याचा ठोका परत आला. दुसऱ्या कडव्याआधीची खुर्चीची कुरकुर अजून आहे, पण आता ती खोलीतली वाटते, कानातली नाही. ती ठेवणार आहे.

तुमच्यापैकी कुणी विचारणारच, की स्पॉटिफायवर हे सगळं परत सपाट होणार नाही का? अल्बम क्रमाने ऐकला तर नाही. तिथे सगळ्या गाण्यांना मिळून एकच वाढ-घट लावतात, आतले चढउतार राहतात. ॲपल म्युझिक -१६ धरतं, पण अल्बमच्या बाबतीत वागणं तसंच. शफलवर किंवा कुणाच्या यादीत गाणं सुटं आलं तर ते शिखराला (गाण्यातल्या सगळ्यात उंच क्षणाला) धक्का न लावता जमेल तेवढं वर उचललं जाईल, आणि सुटं असताना ते तसंच आवडतं हे आपण आधीच बघितलंय. यूट्यूब हळू गाणं वर उचलत नाही, तिथे चौथं जरा बारीक वाजेल. चालेल.

साधनांबद्दल एक. रीपरचं ‘ड्राय रन’ रेंडर, जे फाइल न बनवता नुसते लाउडनेसचे आकडे देतं, त्याने माझे कित्येक तास वाचवले. प्रत्येक गळ्याचा स्टेम बाउन्स करत, म्हणजे नुसत्या गळ्याची वेगळी फाइल काढत, बसावं लागलं नाही. लाउडनेस मोजणारं फुकटातलं यूलीन मीटरही उत्तम आहे, पण चालू गाण्याच्या वेळी ते समोर ठेवू नका. डोळे आकड्यावर असले की कान ऐकायचे थांबतात, मी तीन आठवडे तेच केलं.

नवा मास्टर नऊ जणांना दिला. पाच जुने, चार नवे. काय बदललं ते सांगितलं नाही. चौथ्यावर एकच थांबला, आणि त्याने लिहिलंय की फोन आला होता. जुन्या पाचांतल्या एकाने विचारलं, ‘चौथं गाणं परत गायलं का तिने?’ हे वाचून मी उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. टेक तोच आहे, एक अक्षर बदललेलं नाही.

तिघांना अल्बम अजूनही संथ वाटतो. ते आता मला मान्य आहे. या विषयावर आपल्यात निक ड्रेक या इंग्रज गायक-गिटारवादकाचं नाव हमखास निघतं: १९६९ साली पहिला अल्बम आला तेव्हा फारसा खपला नाही, १९७४ साली माणूस गेला, आणि नाव झालं ते पुष्कळ नंतर. पण माझी चार डेसिबलची चूक झाकायला ते नाव पुढे करणं मला पटलं नसतं. आता चूक निघाली, तर जे ‘संथ’ उरलंय ते खरंच तिच्या गाण्याबद्दलचं मत आहे. ज्याला नको त्याने नको म्हणावं.

मात्र ‘सगळी एकसारखी’ या तक्रारीतला एक तुकडा अजून शिल्लक आहे. मुखपृष्ठाकडे वळणार होतो, पण ही नोंद लिहिताना वही परत चाळली आणि दिसलं की सहा गाण्यांत कॅपो (गिटारच्या सगळ्या तारा एका पट्टीवर दाबून धरणारा चिमटा) दुसऱ्या पट्टीवर आणि हात ‘जी’च्या आकारात, म्हणजे सहाही गाणी ‘ए’मध्ये. गळ्याची तीच जागा, तेच उघडे सूर. चाल वेगळी असूनही कानाला घर तेच. आठव्या गाण्यात कॅपो पाचवीवर नेला तर ते ‘सी’मध्ये जाईल आणि ध्रुवपदात तिला वर चढावं लागेल. ती जागा तिच्या गळ्याला जरा ताणाची आहे, आणि अल्बमच्या त्या वळणावर मला तोच ताण हवासा वाटतोय. आत्ताच तिला विचारलं. म्हणाली, ‘वरचा सूर फुटला तर?’ मी म्हटलं, फुटलेला टेकही ठेवू, आधी ऐकू तर.

तेव्हा मुखपृष्ठ थांबलं. शनिवारी आठव्याचे नवे टेक: क्लिक (लय धरायला कानात वाजणारी टिकटिक) बंद, कॅपो पाचवीवर, चार दिवस वाजवलेल्या तारा. कुणी गळ्यासाठी माइक कपाळाच्या उंचीवर ठेवून वरच्या सुरांचा टोकदारपणा कमी केला असेल, तर शुक्रवारपर्यंत अंतर किती ठेवलं होतं ते कळवा.