पीपीच्या कागदावर पावाला रकाना नाही

लॅबच्या रिपोर्टवर माझं नाव असतं, वय असतं, कोणत्या डॉक्टरांनी पाठवलं ते असतं, उपाशीपोटीची साखर असते, खाल्ल्यानंतरची, म्हणजे पीपी, असते. मी खाल्लं काय आणि रक्त नेमकं किती वाजता काढलं, हे मात्र कुठेच नसतं. आणि त्याच कागदावरून ठरतं की मी पाव खायचा की नाही. मी हिशेब खात्यात आयुष्य काढलेला माणूस, तारीख-वेळेशिवाय नोंद बघितली की माझं डोकं तापतं. ते अजून तापलेलंच आहे, म्हणून लिहितोय.

आधीचं थोडक्यात. मी पाचोरा-जळगाव अप-डाऊन करतो. ऑफिसच्या तपासणीत साखर निघाली, एचबीएवनसी ७.९. मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी त्यात दिसते आणि ६.५ पासून पुढे मधुमेह धरतात. साखरेची गोळी, मेटफॉर्मिन, सुरू झालं, सुरुवातीला पोटाने कुरकुर केली, मग गप्प बसलं. डॉक्टरांनी एका ओळीत निकाल दिला, "पाव, ब्रेड, टोस्ट, खारी बंद. भाकरी खा." घरी आल्यावर काकूनेही तेच ऐकवलं, "भाकर खाय ना भाऊ, पाव कसाले?"

सांगायला काय जातं? सकाळची गाडी पकडायची तर पहाटे भाकरी कोण थापणार? बायकोचीही सकाळची शाळा असते. चहा-पाव नाहीतर जळगाव स्टेशनबाहेरचं ब्रेड-ऑम्लेट हाच माझा नाश्ता. पुढच्या भेटीत मी डॉक्टरांशी थोडा वाद घातला. ते भले माणूस. म्हणाले, "ठीक आहे. नेहमीचा नाश्ता करा आणि पीपी करून आणा. १८० च्या आत राहिली तर पावाचं बघू."

इथून माझी साडेसाती सुरू झाली.

लॅबमध्ये उपाशीपोटीचं रक्त पाच मिनिटांत झालं. खिडकीतला मुलगा म्हणाला, "काका, आता नाश्ता करून दोन तासांनी या." मी विचारलं, दोन तास कधीपासून धरायचे? तो म्हणाला, "खाऊन झाल्यावर." शेजारच्या ताई म्हणाल्या, "इथे येऊन नाव सांगितल्यावर." एका खिडकीत दोन नियम! (दोन्ही चूक. पहिला घास तोंडात गेला की घड्याळ सुरू करायचं. हे मला नंतर डॉक्टरांनीच सांगितलं.) मी समोरच्या टपरीवर दोन पाव आणि चहा घेतला, घड्याळ लावलं आणि वेळेच्या दहा मिनिटं आधी येऊन बसलो.

आल्यावर कळलं की रक्त काढणारा मुलगा कुठल्याशा शिबिराला गेलाय. "येतोच आहे." टोकन हातात, पंखा डोक्यावर, समोर टीव्ही. दोन तास झाले. सव्वादोन झाले. मी उठून सांगितलं की माझी वेळ होऊन गेली. उत्तर आलं, "काका, थोडं पुढे-मागे झालं तर काही नाही होत."

होतं ना! चहा-पावाची साखर रक्तात साधारण तासाभरात सगळ्यात वर जाते आणि मग उतरू लागते. माझं रक्त शेवटी काढलं तेव्हा तीन तास होत आले होते. रिपोर्ट आला १४८. डॉक्टर खूश. मी मात्र खूश नव्हतो, कारण तो आकडा पावाचा नव्हता, उशिराचा होता. रिपोर्टवर वेळ छापली होती खरी, पण ती सकाळी पैसे भरल्याची. दोन्ही नमुन्यांना तीच.

त्याच रांगेत एक आजी बसल्या होत्या, नातू सोबत. त्यांना सकाळची गोळी घेऊन मग खायचं असं सांगितलेलं. गोळी घेतली, पण उपाशीपोटीचं रक्तच व्हायचं होतं, म्हणून खाणं राहिलं. त्यांना दरदरून घाम सुटला, हात थरथरायला लागले. नातवाने पिशवीतून टोस्ट काढला. पलीकडच्या एका बाईंनी तो बाजूला ठेवायला लावला आणि चमच्याने साखरेचं पाणी पाजलं. त्या परिचारिका होत्या म्हणे. साखर ७० च्या खाली गेली तर पाव-बिस्कीट उपयोगाचं नाही, त्याला वेळ लागतो. १५ ग्रॅम साखर, म्हणजे तीन चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची आणि १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही; ग्लिमेपिराइडसारख्या गोळ्या आणि इन्सुलिन घेणाऱ्यांनी खिशात साखर ठेवावी. लॅबला जाताना तर ठेवावीच. आणि तपासणीच्या दिवशी गोळी कधी घ्यायची हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा. काही जण त्या दिवशी गोळीच टाळतात. मग पीपी चढलेली दिसते आणि डोस उगाच वाढतो.

पुढच्या वेळी मी ठरवून भाकरी खाऊन गेलो. रविवार होता, घरी कळण्याच्या (ज्वारी-उडदाच्या पिठाच्या) दोन मोठ्या भाकरी, भरीत, वर कांद्याची पात. लॅब त्या दिवशी रिकामी, रक्त बरोबर दोन तासांवर निघालं. रिपोर्ट १९६.

आता कागदावर काय दिसतं बघा. पाव १४८, भाकरी १९६. तेही पाव आणि भाकरी हे शब्द माझ्या डोक्यात, कागदावर नाहीत. डॉक्टर रिपोर्ट बघून म्हणाले, "वाढली की हो. पाव खाल्ला होता का?"

मी तडक लॅबमध्ये गेलो. म्हटलं, रक्त काढल्याची खरी वेळ टाका आणि शेरा म्हणून काय खाल्लं ते लिहा. खिडकी म्हणाली, "सिस्टीममध्ये तसा ऑप्शन नाही." हाताने लिहा. "हाताने लिहिलेलं चालत नाही." कोणाला चालत नाही? "सरांना विचारावं लागेल." सर कधी येतात? "सर जळगावला नसतात." सही छापलेली, सर गावाला! मी तिथे आवाज चढवला, चढवलाच. मागची रांग माझ्या बाजूने होती की विरुद्ध, ते शेवटपर्यंत कळलं नाही. एक जण म्हणाला, "काका, घरी मशीन घ्या ना, कशाला वाद घालता?"

तो माणूस पुन्हा भेटला तर त्याला चहा पाजीन, बिनसाखरेचा.

ग्लुकोमीटर घेतला. एका पट्टीला १५-२० रुपये पडतात, त्यामुळे मनाला येईल तेव्हा बोट टोचून चालत नाही. मी वही केली: काय खाल्लं, किती, पहिला घास किती वाजता, आधीची साखर, एका तासाची, दोन तासांची. रोज नाही, एखादा पदार्थ तपासायचा असेल तेव्हाच. पट्टीचा खर्च झेपत नसेल त्यांनी सरकारी रुग्णालयातल्या एनसीडी, म्हणजे असंसर्गजन्य आजारांच्या, कक्षात जावं, तिथे साखर मोफत तपासतात.

वहीतले आकडे देतो. ते माझे आहेत, तुमचे वेगळे येतील.

पांढऱ्या ब्रेडच्या दोन स्लाइस आणि साखरेचा चहा: आधी ११८, तासाने २१४, दोन तासांनी १८७. त्याच दोन स्लाइस, दोन अंड्यांचं ऑम्लेट, आधी काकडी-टोमॅटो खाल्लेलं, चहा बिनसाखरेचा: तासाने १७६, दोन तासांनी १५८. ब्रेड तोच, दुकान तेच. भाजी आणि अंडं आधी पोटात गेलं की पावाची साखर हळू चढते. शिवाय चहातली साखर गेली, तो फरक वेगळाच.

ब्राऊन ब्रेडवर माझी फार भिस्त होती. चहासोबत खाल्ला, दोन तासांनी १८१. मग चष्मा लावून पाकीट वाचलं. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावी लागते, जे सगळ्यात जास्त ते आधी. माझ्या पाकिटावर पहिलं नाव मैद्याचं, गव्हाचं पीठ त्याच्या मागे, साखर आणि शेवटाकडे कॅरामल, म्हणजे रंग. नुसतं 'व्हीट फ्लोअर' लिहिलेलं असेल तरी हुरळून जाऊ नका, 'होल व्हीट' शोधा. आणि खरा होल व्हीट मिळाला तरी चमत्कार होत नाही. पीठ बारीक दळलेलं असलं की साखर चढवण्याचा त्याचा वेग पांढऱ्या ब्रेडच्या जवळपासच असतो. ग्लुकोजला १०० धरलं तर दोन्ही सत्तरीत. चोथा (फायबर) जास्त मिळतो, हा फायदा मात्र आहे. बेकरीच्या लादीपावाला तर पाकीटही नसतं, त्याला मैदाच समजायचं.

भाकरीचं कोडंही वहीतच सुटलं. बेताच्या एका भाकरीला पन्नास-साठ ग्रॅम पीठ लागतं, म्हणजे ३५ ते ४० ग्रॅम कर्बोदकं. ब्रेडच्या एका स्लाइसमध्ये १२ ते १५. म्हणजे दोन मोठ्या भाकरी हाणून मी पावाला शिव्या देत असेन, तर हिशेब कुठे बसतो? कळण्याची एकच भाकरी, सोबत उडदाचं घुटं आणि मेथीची भाजी घेतली तर दोन तासांनी १४९. दादर ज्वारीच्या नुसत्या भाकरीपेक्षा कळण्याची मला बरी पडते. त्यात ज्वारीबरोबर उडीद दळलेले असतात, प्रथिनं आणि चोथा जास्त. काकूला हे दाखवलं तर म्हणाली, ते आम्हाला मशीनशिवाय माहीत होतं.

मीटरबद्दल राहिलंच. हात साबणाने धुऊन पूर्ण कोरडे करायचे. आमच्याकडे घरोघरी केळी. शेजारच्या आबांनी केळ सोलून तसंच बोट टोचलं, मशीनवर २९० आलं आणि सगळं घर घाबरलं. धुऊन पुन्हा घेतलं तर १४० च्या आसपास. मीटर आणि लॅब यांचा आकडा तंतोतंत जुळणार नाही, १५ टक्क्यांपर्यंतचा फरक धरून चाला. खाल्ल्यानंतर बोटाच्या रक्तात साखर शिरेतल्यापेक्षा थोडी जास्तच दिसते. म्हणून आठ-दहा आकड्यांसाठी जीव टाकू नका. बोटाच्या मधोमध टोचू नका, कडेला कमी दुखतं.

आणि ऊन. पट्ट्यांच्या डबीवर साधारण ३० अंशांपर्यंत ठेवा असं लिहिलेलं असतं. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४५ च्या घरात आणि आमचा पत्र्याचा माळा त्याहून तापलेला. मशीन थर्मामीटरचं चिन्ह दाखवून काम बंद करतं. फ्रीजमध्येही टाकू नका, बाहेर काढल्यावर ओल धरते. मी डबी माठाजवळच्या कोनाड्यात ठेवतो, झाकण घट्ट. गाडीच्या डिकीत तर अजिबात नाही.

वही डॉक्टरांसमोर ठेवली तेव्हा त्यांनी लॅबचा कागद बाजूला सारला आणि ती पानं उलटून बघितली. हे सांगताना मला आनंद होतोय, खोटं कशाला बोलू. त्यांनी पावाची परवानगी दिली: आठवड्यातून दोन-तीन वेळा, दोन स्लाइस किंवा एक लादीपाव, अंडं किंवा मोड आलेल्या कडधान्याबरोबर, चहात बुडवून नाही. खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालणं. स्टेशन ते ऑफिस मी रिक्षा सोडली, त्यात ते भागतं. बाकी दिवशी रात्रीची कळण्याची भाकरी फडक्यात गुंडाळून गाडीत ठेच्याबरोबर. पुढची एचबीएवनसी ६.८ आली.

शेवभाजीत पाव बुडवून खाणं अजून सुटलेलं नाही, पण ते महिन्यातून एकदा आणि तेव्हा मशीन घरीच असतं.

पाववडा आणि वरण-बट्टी यांचं डॉक्टरांनी वेगळं सांगितलं. तळण आणि तूप जास्त असलं की साखर उशिरा चढते, त्यामुळे दोन तासांचा आकडा बरा दिसतो आणि खरी चढण त्यानंतर असते. अशा जेवणाला तिसऱ्या-चौथ्या तासालाही मोजायचं. मामाच्या गावचं लग्न पुढच्या आठवड्यात आहे, पंगतीत बट्टी पक्की. वहीत त्या दिवसासाठी दोन रकाने जास्त आखून ठेवलेत.