औषधांचा पुरवठा आणि एकाच स्रोताचा धोका

२०१६ मध्ये चीनमधील एका कारखान्यात स्फोट झाला आणि पिपरॅसिलिन-टॅझोबॅक्टम या प्रतिजैविकाचा अनेक देशांत तुटवडा पडला, कारण विक्रेते अनेक असले तरी मूळ रसायन मोजक्याच ठिकाणी तयार होत होते. मार्च २०२० मध्ये भारताने पॅरासिटामॉलसह २६ औषधी घटक व औषधांच्या निर्यातीवर निर्बंध घातले. चीनमधून येणाऱ्या कच्च्या मालाची शाश्वती उरली नव्हती. केवळ आयातशुल्क घटवणारे व्यापार करार येथे अपुरे पडतात, असे माझे मत आहे. युरोपीय संघ आणि अमेरिका २०१७ पासून एकमेकांच्या कारखाना-तपासण्या ग्राह्य धरू लागले, तशी तरतूद मला अधिक मोलाची वाटते, कारण नव्या पुरवठादाराला मान्यता मिळण्यातच बराच काळ जातो. मात्र दोन देशांतून गोळ्या घेऊनही दोघांचा कच्चा माल एकाच ठिकाणाहून येत असेल, तर ते वैविध्य (खरेदी विभागाला कितीही आवडो) कागदावरच राहते.