अभंगाचं यमक कुठे शोधायचं?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. अभंग लिहू पाहणारे बरेच जण विचारतात की छापील ओळींच्या शेवटी यमक दिसत नाही, मग ते जुळवायचं कुठे? ‘सुंदर ते ध्यान उभे विटेवरी । कर कटावरी ठेवोनिया’ यात ‘विटेवरी’ आणि ‘ठेवोनिया’ जुळत नाहीत, कारण एका कडव्याचे चार चरण दोन ओळींत छापलेले असतात. मोठ्या अभंगाचं माप ६-६-६-४ अक्षरांचं. यमक दुसऱ्या-तिसऱ्या चरणांत, ‘विटेवरी’ आणि ‘कटावरी’ असं. पहिला आणि चौथा मोकळे.

अक्षरं मोजताना ऱ्हस्व-दीर्घ बघू नका. जोडाक्षर एकच धरा, पण शब्दाच्या शेवटचा ‘अ’ सोडू नका. बोलताना आपण ‘ध्यान्’ म्हणतो, गाताना ‘न’ पुरता उच्चारला जातो. त्यामुळे ‘ध्यान’ दोन अक्षरी. इथेच मोजणी एका अक्षराने चुकते आणि टाळ धरला की चरण अडखळतो.

आता मुद्दाम रचलेलं हे कडवं बघा:

पाऊस थांबला । पागोळ्या गळती ।
ओट्यावर माती । ओली ओली ॥

माप बरोबर आहे, यमक लंगडं आहे. ‘गळती’ आणि ‘माती’ यांत फक्त ‘ती’ सारखा. त्याआधीचा स्वर एकीकडे ‘अ’, दुसरीकडे ‘आ’. तो स्वरही जुळायला हवा. संतांच्या रचनेत असं सैल यमक खूप सापडतं, पण शिकताना ती सवलत घेऊ नये असं माझं ठाम मत आहे. दुसरा अर्धा भाग बदलू:

ओट्याशी पणती । मिणमिणे ॥

‘गळती’, ‘पणती’. आता कानाला पुरतं वाटतं.

चौथ्या चरणालाही यमक लावायचा मोह होतो. तो टाळा. तीन लांब चरणांनंतर चारच अक्षरं येतात तेव्हा वाक्य तिथे टेकतं. यमक जोडलं की कडवं बडबडगीतासारखं वाजायला लागतं. यमक वाढवायचंच तर पहिल्या चरणात वाढवा. हरिपाठात तसं आहे: ‘देवाचिये द्वारी । उभा क्षणभरी । तेणे मुक्ति चारी । साधियेल्या’. ज्ञानेश्वरीच्या ओवीतही पहिले तीन चरण जुळतात आणि चौथा मोकळा राहतो, मात्र तिथे अक्षरसंख्या ठरलेली नाही.

लहान अभंग सोपा. आठ-आठ अक्षरांचे दोन चरण, दोन्ही जुळलेले: ‘जे का रंजले गांजले । त्यासी म्हणे जो आपुले’.

पहिला चरण मोकळा असल्याचा खरा फायदा शेवटच्या कडव्यात कळतो. ‘तुका म्हणे’ या नाममुद्रेत, म्हणजे कवीच्या नावाच्या खुणेत, सहापैकी चार अक्षरं जातात, उरतात दोन. ‘तुका म्हणे माझे । हेचि सर्व सुख । पाहीन श्रीमुख । आवडीने’. त्या चरणावर यमकाचा भार असता, तर दर वेळी त्या दोन अक्षरांतच ते बसवावं लागलं असतं. तुमची नाममुद्रा पाच अक्षरांची होत असेल तर आधी ती छोटी करा, मगच कडवं रचा.