मुलींचं हस्तलिखित

१८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला आणि लालबाग-परळचे भोंगे थांबले. त्याच जूनमध्ये मी नववीत गेलो. वर्गातल्या पाच मुलींनी हस्तलिखित, म्हणजे हाताने लिहिलेला अंक, काढायचं ठरवलं. विषय एकच, आपल्या घरातल्या आणि चाळीतल्या बायका. पावसाळ्याच्या कविता घेणार नाही, हे आधीच जाहीर झालं. नावावरून इतकी भांडणं झाली की नाव ठेवायचं राहूनच गेलं. सगळी शाळा त्याला 'मुलींचं हस्तलिखित' म्हणायची. माझं अक्षर बरं, म्हणून मला त्यात ओढलं. पोरं मला 'वहिनी' म्हणू लागली. (त्यातला एक आज शाळेच्या या स्मरणिकेच्या समितीवर आहे. हे वाक्य छापतो का बघू.)

नियम होता की बाईचं नाव तिचंच लिहायचं, 'अमक्याची आई' चालणार नाही. शेजारच्या काकूंना नाव विचारलं तर त्या लाजल्या. म्हणाल्या, "माहेरचं सांगू की सासरचं?" एकीने तिच्या आजीची हकिगत आणली. आजी गिरणीत वाइंडिंगला, म्हणजे सूत गुंडाळायच्या खात्यात होती. बाई गिरणीत म्हणजे बहुतेक वाइंडिंग नाहीतर रिळिंग. साळखात्यात, म्हणजे कापड विणायच्या खात्यात, मागावर पुरुष. असं का, यावर आजीचं उत्तर एका ओळीचं होतं, "मागावर पगार जास्त, बाय."

मी लिहिलं, 'माझी आई काही करत नाही, घरीच असते.' कागद लाल शाईने परत आला. "मग चौदा गड्यांचं जेवण कोण रांधतं रे?"

आमच्या दहा बाय बाराच्या खोलीत गिरणीतल्या गड्यांची खाणावळ होती. त्या रात्री पहिल्यांदा मी आईजवळ बसून हिशेब मांडला. चौदा गडी, दोन वेळा, माणशी चार पोळ्या, म्हणजे दिवसाला ११२. आईला लिहिता येत नव्हतं. कालनिर्णयच्या पाठीवर तिने प्रत्येकासाठी एक खूण ठरवली होती, कुणाला फुली, कुणाला टिंब, आणि खाड्याच्या दिवशी जागा मोकळी. संप लांबला तसे गडी कोकणात, घाटावर गावी गेले आणि पानभर मोकळ्याच जागा. ते कॅलेंडर तिने रद्दीत घातलं नाही. कामगार चळवळीतल्या प्रेमाताई पुरवांनी १९७५ साली अशाच बायकांसाठी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं आणि त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं. त्याआधी आई वाण्याकडून उधार आणायची आणि व्याज भरायची. हे मला घरात राहून माहीत नव्हतं, हस्तलिखितासाठी विचारलं तेव्हा कळलं.

एका सरांना हे रुचलं नाही. "शाळेच्या अंकात घरच्या उधाऱ्या कशाला?" माझं पान वगळलं गेलं. मुलींनी सरांची सही झाल्यावर ते खळीने शेवटच्या पुठ्ठ्याला चिकटवलं. अंक एकच, तो घरोघर फिरायचा. आमच्याकडे आला तेव्हा कोपऱ्यांना हळदीची बोटं लागली होती.

मी आईला माझं पान मोठ्याने वाचून दाखवलं. ती परातीवरून मान न उचलता ऐकत होती.

"चौदा लिहिलंस? सोळा होते. दोघं रात्रपाळीचे, तू तेव्हा झोपलेला असायचास. आणि पैसे बुडवले ते त्या दोघांनीच."