आईंचा हात आणि रविवारची साक्ष

सोमवार, रात्री

आज आईंचा उजवा हात धुतला. पक्षाघाताचा झटका आल्यापासून तो हात मिटलेलाच असतो. बोटं तळव्यात रुतलेली, अंगठा आत दडलेला. नखं जरा वाढली की तळव्याला टोचतात, आत घाम साचतो, वास येऊ लागतो. जोर लावून मूठ सोडवायला गेलं तर ती आणखी घट्ट होते आणि आई कळवळतात. फिजिओथेरपिस्टनी शिकवलंय की आधी बोटांना हातच लावायचा नाही. मनगट हलकेच खाली वाकवायचं आणि थांबायचं. थोड्या वेळानं बोटं आपणहून सैल पडतात. मग एकेक बोट सोडवायचं, कोमट पाण्यात भिजवलेलं मऊ फडकं आत फिरवायचं, बोटांच्या बेचक्यांत ओल राहू द्यायची नाही, आणि शेवटी नखं.

हे सगळं करताना मला देव जवळ आहे असं काही वाटलं नाही. डोक्यात उद्याची औषधं होती, भिजत घातलेले कपडे होते. नखं कापली, तळव्यावरच्या लाल खुणांना मलम लावलं, उठले.

आता वही घेऊन बसल्यावर मात्र एक गोष्ट दिसतेय. आई हा हात कोणाला दाखवत नाहीत. कोणी भेटायला आलं की डाव्या हातानं शाल त्याच्यावर ओढून घेतात. आज मी पाण्याचं भांडं ठेवून शेजारी बसले, तर त्यांनीच डाव्या हातानं उजवा हात उचलला आणि माझ्या मांडीवर ठेवला. मी मागितला नव्हता. सून म्हणून मी या घरात आले तेव्हापासून आमच्यात एक अंतर राहिलं होतं. भांडण असं कधी झालं नाही, पण जवळीकही नव्हती. त्या अंतरासाठी मी पुष्कळदा प्रार्थना केलीय. उत्तर असं एखाद्या संध्याकाळी मांडीवर येऊन पडेल, हे ध्यानीमनी नव्हतं.

हे देवानं केलं असं मी म्हणते. पुरावा काय, असं कोणी विचारलं तर माझ्यापाशी पुरावा नाही. पण ज्याच्याकडे मागत आले, त्याचे आभार न मानता झोपणं मला जमणार नाही.

रात्री दिवस उलगडून पाहण्याची ही सवय मला मंडळीतल्या, म्हणजे आमच्या चर्चमधल्या, एका वडीलधाऱ्या बाईंनी लावली. पद्धत जुनीच आहे. लोयोलाच्या इग्नेशियस या संतानं ती आपल्या साधनेच्या पुस्तकात घातली आणि त्या पुस्तकाला 1548 मध्ये पोपची मान्यता मिळाली. आधी उपकारस्तुती, मग पाहण्यासाठी प्रकाश मागायचा, मग दिवस तासातासानं आठवायचा, चुकलं त्याची क्षमा मागायची आणि उद्यासाठी कृपा. मला यातला क्रम फार महत्त्वाचा वाटतो. आभार आधी आणि चुकांचा हिशेब नंतर. उलटं केलं की मी माझ्याच उणिवा मोजत बसते आणि देवाकडे लक्षच जात नाही.

मंगळवार

शास्त्रपाठाला बायबलमधल्या लूकच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय. येशू मरणातून उठला त्या दिवशीची अम्माऊस गावची वाट. यरुशलेमपासून साठ स्टेडिया, म्हणजे अकरा किलोमीटरच्या आसपास. दोघे चाललेत, एकाचं नाव क्लियपा, दुसऱ्याचं नाव दिलेलंच नाही. प्रभू येशू स्वतः त्यांच्याबरोबर चालतो, शास्त्र उलगडून सांगतो आणि तरी त्यांना तो ओळखू येत नाही. भाकर मोडताना ओळख पटते आणि त्याच क्षणी तो दिसेनासा होतो. मग ते एकमेकांना विचारतात, वाटेत तो बोलत होता तेव्हा आपलं अंतःकरण आतून पेटलं नव्हतं का?

म्हणजे वाटेवर ते जाणवत होतंच. कशामुळे, ते मात्र नंतर कळलं.

आज मी थबकले ती एका लहानशा ओळीपाशी. गाव जवळ आलं तेव्हा येशूनं पुढं जायचं असल्यासारखं दाखवलं. त्यांनी आग्रह केला, संध्याकाळ होत आलीय, आमच्याकडे राहा. त्यांनी त्याला ओळखलेलं नव्हतं. वाटेवरच्या एका परक्या माणसाला त्यांनी घरात घेतलं, एवढंच. तो आग्रह झाला नसता तर? प्रभूनं स्वतःला दाखवायला दुसरी वाट काढली असती, असेल. पण या गोष्टीत तरी ओळख त्या आग्रहातूनच आली, प्रार्थनेसाठी वेगळं बसून आली नाही.

मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायातही हेच आहे. न्यायाच्या दिवशी राजा म्हणतो, मी भुकेला होतो, आजारी होतो, तुम्ही माझी सेवा केली. त्याच्या उजवीकडचे लोक विचारतात, प्रभू, आम्ही तुला भुकेला कधी पाहिलं, आजारी कधी पाहिलं? त्यांनाही कळलं नव्हतं! मला याचा फार आधार वाटतो. आपल्याकडे भक्तीची भावना दाटून येणं म्हणजेच देवाची उपस्थिती असं धरून चालतात. भावना आली तर आनंदच आहे. पण ती आली नाही म्हणून तो नव्हता, असं शास्त्र कुठंच म्हणत नाही.

बुधवार

हे लिहून ठेवायलाच हवं.

झटक्यात आईंची वाचाही गेलीय. पाणी हवं असलं तरी ‘पाणी’ हा शब्द त्यांना सापडत नाही. ओठ हलतात, काहीतरी दुसरंच बाहेर पडतं, मग त्या चिडून मान वळवतात. आज संध्याकाळच्या प्रार्थनेत आम्ही ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ सुरू केलं आणि ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ यापाशी मला तिसरा आवाज ऐकू आला. जाडसर, अडखळता, पण शब्द न शब्द बरोबर. आम्ही दोघं गप्प झालो. त्या एकट्याच पुढं म्हणत राहिल्या. आमची रोजची भाकर आज आम्हांला दे. आमेनपर्यंत.

मग मी पाण्याचा पेला दाखवून विचारलं, “आई, हे काय?” नाही सांगता आलं.

स्पीच थेरपिस्टना लगेच फोन केला. त्या म्हणाल्या, असं होतं. मेंदूच्या डाव्या बाजूला इजा झाली की स्वतः वाक्य जुळवून बोलणं अवघड होतं, पण वर्षानुवर्षं घोकलेल्या गोष्टी, आकडे, प्रार्थना, गाणी पुष्कळदा शाबूत राहतात. त्यामुळे हे ऐकून वाचा परत येतेय असं समजू नका, पण रोज म्हणत चला.

यांना ते ऐकून वाईट वाटलं. त्यांना वाटलं होतं चमत्कार झाला. मला तसं वाटत नाही. कारण कळलं म्हणून देवाचा हात त्यातून निघून गेला, असं का मानायचं? मेंदू त्यानंच घडवला. लहानपणी कोणीतरी आईंना शेजारी बसवून ही प्रार्थना पाठ करून घेतली, त्या माणसालाही त्यानंच तिथं बसवलं असेल. माणसाचे बाकी सगळे शब्द हरवल्यावरही पित्याला हाक मारायचे शब्द शिल्लक राहतात. आज मी ते माझ्या कानांनी ऐकलं. त्या थेरपिस्टचं स्पष्टीकरण मला देवाच्या कामाचंच वर्णन वाटलं.

एक सांभाळायला हवं. देवानं आम्हाला हे दाखवण्यासाठी आईंना झटका दिला, असं मी म्हणणार नाही आणि माझ्यासमोर कोणी म्हटलं तर ऐकूनही घेणार नाही. दुखण्यात तो भेटला, एवढंच मला ठाऊक आहे. त्याच्या वतीनं कारणं सांगायचा अधिकार मला कोणी दिलेला नाही. बायबलमधल्या ईयोबावर दुःखं कोसळली तेव्हा त्याचे मित्र कारणंच सांगत बसले होते आणि देवाचा राग त्यांच्यावरच झाला.

गुरुवार

रात्रभर जागरण. पहाटे यांनी माझ्या हातातली वाटी काढून घेतली, “तू झोप जा,” म्हणाले. झोपले. उठले तेव्हा ऊन वर आलेलं. एलिया संदेष्टा मरण मागत झाडाखाली निजला तेव्हा देवदूतानं त्याला उपदेश केला नाही. उठवून खायला-प्यायला दिलं, परत झोपू दिलं, पुन्हा उठवून खाऊ घातलं. होरेब डोंगरावर त्याला ऐकू आलेली देवाची मंद वाणी त्यानंतरची. आज एवढंच.

शनिवार

रविवारी मंडळीत साक्षीची वेळ असते, देवानं आपल्यासाठी काय केलं ते सगळ्यांसमोर सांगायची. पाळकांनी विचारलं, तुम्ही काही सांगाल का? मी हो म्हटल्याचं ताईंना, माझ्या नणंदेला, कळलं आणि त्यांचा फोन आला. “अगं, पण आई बरी कुठं झालीय? ती उठून चालू लागली की साक्ष दे.” त्यांचं मन मी जाणते. लेकीचं मन आहे, रोज रात्री आईच्या बरं होण्यासाठी गुडघ्यांवर जाते. ती प्रार्थना मीही करते, सोडणार नाही.

पण साक्ष फक्त बऱ्या झालेल्यांचीच असावी, हे मला पटत नाही. आपल्या साक्षी ऐकून कित्येकदा वाटतं, देव फक्त ऑपरेशन यशस्वी झालेल्यांच्या घरी जातो, नोकरी लागलेल्यांच्याच घरी जातो. मागं बाकावर बसलेला असा कोणी असतोच, ज्याचं माणूस गेलं, ज्याचा अहवाल वाईट आला. त्यानं काय समजायचं?

सतराव्या शतकात पॅरिसच्या एका मठात, कार्मेलाइट नावाच्या ख्रिस्ती संन्याशांच्या संघाच्या, ब्रदर लॉरेन्स नावाचा साधा बंधू होता. लढाईतल्या जखमेनं पायानं अधू. त्याला वर्षानुवर्षं स्वयंपाकघरात काम मिळालं आणि त्या कामाची त्याला मुळात नावड होती. तरी देवाशी बोलणं त्यानं त्या भांड्याकुंड्यांतच चालू ठेवलं. 1691 मध्ये तो वारला. त्याचा पाय बरा झाला म्हणून त्याला कोणी आठवत नाही.

ताईंना म्हटलं, “मी खोटं काही सांगणार नाही. आई बऱ्या झाल्या असं म्हणणार नाही. मूठ अजून मिटलेलीच असते, हेही सांगेन.” त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग विचारलं, “आणि प्रार्थना म्हणते ते?” म्हटलं, तेही सांगेन, आणि थेरपिस्ट काय म्हणाल्या तेसुद्धा. “मग आईला घेऊनच जा ना,” त्या म्हणाल्या. “तिला सगळ्यांबरोबर म्हणू दे.”

हे मला सुचलं नव्हतं. यांना विचारलं, चाकांची खुर्ची गाडीत बसते का ते पाहून आले, बसते. पाळकांना कळवलंय की आम्हाला बाजूच्या दाराजवळची जागा ठेवा. आईंना विचारलं, “उद्या उपासनेला जायचं?” त्यांनी मान हलवली आणि डाव्या हातानं शालीकडे बोट दाखवलं. न्यायची की नाही, ते त्याच उद्या ठरवतील.